गढी कोणी बांधली?

गावाला दोन माती असतात. एक काळी आणि एक पांढरी. काळीत पीक काढायचं आणि पांढरीवर घरं बांधायची, ही आमच्याकडची जुनी वाटणी. पांढऱ्या मातीला चिकटपणा दांडगा. पाणी घालून, भुसकट मिसळून, दोन-चार दिवस मुरवून पायानं तुडवली आणि तिची भिंत घातली, तर नातवंडं-पतवंडं त्या भिंतीला टेकून बसतात. माळवदावर टाकायची ती हीच माती. आणि गावाच्या उंच अंगाला देशमुखाची नाहीतर पाटलाची गढी उभी असायची, ती पण हिच्याच पोटातून निघालेली.

सह्याद्रीच्या लोकांना देवानं डोंगर दिले, त्यांनी वर किल्ले बांधले. आमचा मराठवाडा बराचसा सपाट. डोंगर नाही तर किल्ला कुठं बांधायचा? म्हणून इथल्या माणसांनी आधी मातीचा डोंगर केला आणि मग त्याच्यावर वाडा चढवला. खाली रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या भिंती, कोपऱ्याला बुरूज, एकच मोठा दरवाजा आणि त्यात वाकून जायची दिंडी. आत चौक, आड, धान्याची पेवं आणि बळदं. पेंढारी आले, रोहिले आले, की दरवाजा उघडायचा आणि गाव लेकरं-ढोरं घेऊन आत शिरायचं, असं जुनी माणसं सांगत. गढीनं माणसं वाचवली हे खरं आहे. दरवाजा उघडला तरी गावकुसाबाहेरच्या माणसांनी कुठवर यायचं ते ठरलेलं असायचं, हे पण तितकंच खरं आहे.

आता बहुतेक गढ्या ढासळल्या. वारस पुण्या-मुंबईला गेले, लाकूड कुणी नेलं, आणि पांढरी माती खत म्हणून गाड्या भरभरून लोकांनी रानात नेऊन टाकली. हिंगोली-परभणीकडं काही गावांत एखादा बुरूज, एखादा दरवाजा राहिला आहे. अलीकडं तो पाहायला माणसं येऊ लागली. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात, शाळेची सहल येते, इतिहासाचा नाद असलेली पोरं मोटारसायकलवर येतात. गावातलं एखादं चुणचुणीत पोरगं पुढं होऊन माहिती सांगतं. त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं, "ही गढी पूर्ण हातानं बांधलेली आहे, एकसुद्धा मशीन नाही." ऐकणारे मान डोलावतात.

मी पण मान डोलावतो. पण मला पुढचा प्रश्न पडतो. हातानं म्हणजे कोणाच्या हातानं?

त्याचं उत्तर पोरगं लगेच देतं, कारण ते पण पाठ असतं. अमुक देशमुखांनी बांधली. मी शाळा शिकलो दहावीपर्यंत, पण व्याकरणातला एक धडा माझ्या चांगला ध्यानात आहे. हसणे आणि हसवणे, बसणे आणि बसवणे. दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं तर क्रियापद बदलतं, त्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. लेकरू हसतं, माय त्याला हसवते. म्हणजे आपल्या भाषेनं करणारा आणि करवून घेणारा असे दोन माणसं वेगळे ठेवले आहेत. पण मोठ्या माणसाचं नाव आलं की आपण हे व्याकरण बाजूला ठेवतो. शहाजहाननं ताजमहाल बांधला म्हणतो. देशमुखांनी गढी बांधली म्हणतो. आमच्यातला साधा शेतकरी पण म्हणतो, मी विहीर खांदली. आणि खांदणारे पाच-सहा गडी तिथंच बांधावर भाकर खात बसलेले असतात.

बोलण्याची सोय म्हणून हे चालतं. पण सोयीसोयीनं एक गोष्ट घडते. तोंडातून नाव गेलं की हिशोबातून पण जातं.

गढीची माती तुडवणं हे सोपं काम नव्हतं. ओल्या गाऱ्यात गुडघ्याएवढं उतरून दिवसभर पाय मारायचे. पायाला भेगा पडायच्या, भेगांत माती शिरायची. दुसऱ्यानं टोपली भरायची, तिसऱ्यानं डोक्यावरून वर न्यायची. भिंत जशी चढेल तशी चढण वाढायची. हे काम करणाऱ्यांतल्या अनेकांना मजुरी नव्हती. वेठ होती. बोलावलं की यायचं, घरची भाकर आणायची, दिवस मावळला की जायचं. निजामाच्या राज्यात ही वेठबिगार अगदी अलीकडपर्यंत चालली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, तेव्हा कुठं ती मोडत गेली. ज्यांनी वेठीला जाणारे बाप-आजे पाहिले, अशी माणसं मी तरुण असताना गावोगाव होती.

आमच्या भागातल्या एका गावात गढीचा शेवटचा बुरूज पाडायचा का ठेवायचा यावर भांडण लागलं होतं. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथं दोन्हीकडचे लोक माझ्या ओळखीचे आहेत. काही तरुण म्हणत होते, "पाडा. ही आमच्या आज्या-पणज्याच्या वेठीची निशाणी हाय. ती सकाळी उठून काहून पाहायची?" दुसरे म्हणत होते, हा गावाचा वारसा आहे, बाहेरून माणसं पाहायला येतात, गावाचं नाव होतं. दोन्हीकडं राग होता आणि मला दोन्हीकडचं पटत होतं. तरुणांचं म्हणणं तर सहज खोडता येण्यासारखं नव्हतंच. ज्या भिंतीखाली आपल्या माणसाचा घाम फुकट गेला, तिच्यापुढं उभं राहून हसून फोटो काढायचा हे सोपं नाही.

तिथं एक म्हातारा होता. शेळ्या घेऊन बुरुजाच्या सावलीला बसायचा. त्याच्या पणजानं या गढीची माती तुडवली, असं त्याच्या घरात सांगत आले होते. मला वाटलं हा म्हणेल पाडा. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पाडायला बी आमालाच लावसाल ना? बांधताना फुकट राबलो. आता पाडायची मजुरी किती, ते आधी ठरवा."

लोक हसले. मग तो बुरुजावर हात ठेवून म्हणाला, "असा गारा आता कोनी तुडवत न्हाई बाप्पा. इतके पावसाळे झाले, बोट शिरत न्हाई."

त्या बोलण्यात लाचारी नव्हती. देशमुखाची थोरवी तर अजिबात नव्हती. चांगलं काम केलेल्या माणसाच्या घरातला अभिमान होता. जबरदस्तीनं करून घेतलेलं काम पण त्या माणसानं खोटं केलं नाही, पक्कं केलं. म्हणजे एकाच भिंतीत दोन गोष्टी आहेत, अन्याय आहे आणि कसब आहे. मालकानं केला तो अन्याय. कसब मजुराचं. आपण पाहायला जातो तेव्हा कसबाचं कौतुक मालकाच्या खात्यावर जमा करतो आणि अन्याय कोणाच्याच खात्यावर टाकत नाही. खरी गफलत इथं आहे.

आमच्या पुसेगावाजवळच नर्सी आहे, कयाधूकाठची, नामदेवांची नर्सी. नामदेव महाराजांचं नाव घेतलं की मला मंगळवेढ्याची भिंत आठवते. चोखोबा मंगळवेढ्याला राहायचे. गावाच्या कुसवाचं काम निघालं, त्यावर इतर मजुरांबरोबर चोखोबांना जावं लागलं. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. पुढची गोष्ट वारकऱ्यांत सगळ्यांना माहीत आहे. नामदेव तिथं गेले. ढिगाऱ्यात अनेक मजुरांची हाडं होती. ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून नामदेवांनी ओळखली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण शेतकऱ्याच्या डोळ्यानं पाहिलं तर ती एका कोसळलेल्या बांधकामाची पण गोष्ट आहे. त्या ढिगाऱ्यापाशी एक माणूस गेला आणि त्यानं विचारलं, याच्याखाली कोण आहे? भिंत कोणाची, हे त्यानं विचारलं नाही. आज मंगळवेढ्याची ती भिंत बांधायचा हुकूम कोणी दिला हे वारीतल्या दहा माणसांना विचारा, दहाही सांगणार नाहीत. भिंतीखाली गेलेल्याचं नाव मात्र लेकरालाही माहीत आहे. कारण कोणीतरी हाडं वेचायची तसदी घेतली.

आणखी एक गोष्ट त्यात आहे. चोखोबा ज्या कुसवाचं काम करत होते, त्या कुसवाच्या आत त्यांचं घर नव्हतं. पंढरपूरच्या देवळात त्यांना जाता आलं नाही. ते देऊळ सगळ्यांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. मधे सहाशेच्या वर वर्षं गेली.

रायगडाची गोष्ट वेगळी आहे. गड महाराजांचा, पण बांधकाम पाहिलं हिरोजी इंदुलकरांनी. त्यांचं नाव आजही गडावर आहे, जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलेलं. देवाला जाणाऱ्यांच्या पायाची धूळ लागावी म्हणून त्यांनी पायरी मागितली, असं सांगतात. मला त्यातलं दुसरं मोलाचं वाटतं. शिवाजी महाराजांसारख्या राजाच्या राजधानीत बांधकाम करणाऱ्याचं नाव दगडात राहिलं. १६७४ साली राज्याभिषेक झाला त्या गडावर हे झालं. हिरोजींच्या हाताखाली पाथरवट होते, गवंडी होते, बेलदार होते, त्यांची नावं नाहीत हे खरं. पण एक तरी पायरी खाली उतरून नाव लिहिलं गेलं. आमच्या गढ्यांवर तेवढं पण नाही.

काही माणसं सगळंच स्वतःच्या हातानं करतात. फ्रान्स देशात ओतरीव नावाच्या गावी फर्दिनां शवाल नावाचा टपालवाला होता. १८७९ साली पत्रं वाटताना त्याला एका दगडाची ठेच लागली. दगड पाहिला तर आकार मोठा अजब. त्या दिवसापासून तो रोजच्या वाटेवरचे दगड गोळा करू लागला, आधी खिशात, मग टोपलीत, मग एकचाकी हातगाडीत. त्यातून त्यानं एक महाल बांधला. ३३ वर्षं लागली, १९१२ साली काम पुरं झालं. गवंडीकाम तो कुठं शिकला नव्हता. गाव त्याला येडा म्हणायचं. आज लांबलांबून लोक तिकीट काढून तो महाल पाहायला जातात. मला त्यातली एकच गोष्ट फार आवडली. महालात त्यानं आपल्या त्या हातगाडीसाठी खास जागा केली. आपण पोळ्याला बैलाला, खंडेनवमीला अवजारांना पुजतो, तसं ते वाटलं. त्याच्या महालावर 'मी बांधला' असं लिहायचा त्याला पूर्ण हक्क होता. कुणाचं देणं शिल्लक नव्हतं.

मग सगळ्यांनी असंच करावं का? दुसऱ्याच्या हाताला हात लावायचाच नाही? तसं ठरवलं तर जगात काही उभं राहणार नाही. एकट्या माणसाच्यानं विहीर होत नाही, बांध होत नाही, देऊळ होत नाही. शवालचा महाल पण एका आयुष्याएवढाच मोठा आहे. गावाला पाणी पाजायचं तर पन्नास आयुष्यं लागतात. दुसऱ्याचे हात लागतातच. ते कसे आले, एवढाच प्रश्न आहे.

हे मला बहात्तरच्या दुष्काळानं शिकवलं. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा. आमच्याकडं पाझर तलावाचं काम निघालं. माय टोपली उचलायची, बाप टिकाव मारायचा. आम्ही पोरं मजुरांना पाणी द्यायचो आणि सुकडीची वाट पाहायचो. चौकडी आखून द्यायचे. मधे मातीचा एक खुंट तसाच ठेवायचे, म्हणजे किती खोल खांदलं ते मोजता यायचं. राज्यभर असंच चाललं होतं. मे १९७३ मधे दुष्काळी कामावर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली.

त्या माणसांना 'मी येत नाही' म्हणता येत होतं का? खरं सांगायचं तर नाही. चाबूक नव्हता, पण पोट होतं. म्हणून कुणी म्हणेल, वेठ आणि दुष्काळी काम यात फरक काय? मी यावर पुष्कळ विचार केला. फरक आहे, आणि तो तिथं राबलेल्यांना कळत होता. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा. एकेकाचं नाव घ्यायचा. माझ्या मायचं पूर्ण नाव, तिच्या नवऱ्याच्या आणि आडनावाच्या सकट, चारचौघांत मोठ्यानं उच्चारलेलं मी पहिल्यांदा तिथं ऐकलं. घरी ती अमक्याची माय, अमक्याची सून होती. मस्टरवर तिचं नाव होतं आणि नावापुढं तिचा अंगठा होता. पैसे थोडे होते, कधी उशिरानं मिळायचे, पण खुंट मोजून मिळायचे. कमी पडले तर माणसं भांडत होती. गढीच्या गाऱ्यात उभ्या माणसाला भांडायची जागा नव्हती.

आणि तलाव झाल्यावर त्याचं पाणी सगळ्यांच्या ढोरांनी प्यालं. भिंतीखालच्या विहिरींना पाणी वाढलं ते जमीनवाल्यांच्या, हे पण सांगितलं पाहिजे. टोपली उचलणाऱ्या बऱ्याच जणांना जमीन नव्हती, त्यांच्या वाट्याला धुणं आणि ढोरांचं पाणी एवढंच आलं. हिशोब तिथंही पुरा झाला नाही. पण तलावावर जायला कुणाला मनाई नव्हती.

तेव्हापासून कुठलंही मोठं बांधकाम पाहिलं की मी दोन गोष्टी विचारतो. बांधणाऱ्याला नाही म्हणता येत होतं का? आणि बांधून झाल्यावर त्याला आत जाता येत होतं का? गढीला दोन्ही उत्तरं बहुतेक नकाराची. मंगळवेढ्याच्या कुसवाला पण तशीच. तलावाला पहिलं अर्धवट, दुसरं होकाराचं. आणि दिवाळीत पुण्याला लेकीकडं गेलो तेव्हा सोसायटीतल्या पोरांनी केलेला किल्ला पाहिला, त्याला दोन्ही होकाराची. विटांचे तुकडे, माती, गोणपाट, वर हिरवं दिसावं म्हणून पेरलेली मोहरी. पाहायला गेलो तर पोरं ओढत नेऊन दाखवत होती, हा बुरूज माझा, ही पायवाट हिची, विहीर त्यानं केली. ज्यानं नुसतं पाणी आणून दिलं, तो पण किल्ल्यात मालक होता. सगळा किल्ला मी बांधला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती, बाकीच्यांनी त्याला धरून हाणलं असतं.

मोठी माणसं हे विसरतात, म्हणून गढी पाहायला जाऊ नये असं मी म्हणत नाही. जावं, आणि पाडू तर नयेच. पाडा म्हणणाऱ्या तरुणांना मी एवढंच सांगितलं. तुमच्या पणजाचं नाव कुठल्या सातबाऱ्यावर नाही, कुठल्या सनदेत नाही, कुठल्या मस्टरवर नाही. त्याच्या कष्टाचा एकच कागद शिल्लक आहे आणि तो हा बुरूज आहे. तो फाडला तर फायदा कोणाचा? देशमुखाच्या घराण्याचा इतिहास पुस्तकात राहीलच. तुमचा जाईल.

त्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मंग कागदावर नाव तरी आमचं लिवा."

त्याचं म्हणणं रास्त होतं. आजही ज्या गढीपुढं पाटी आहे, तिथं घराण्याचं नाव आणि एखादं साल असतं. त्याच्याखाली दोन ओळींची जागा नेहमी रिकामी दिसते. नावं आता मिळायची नाहीत, पण खरं काय ते लिहिता येईल. ही गढी गावातल्या आणि गावकुसाबाहेरच्या माणसांनी पायानं माती तुडवून बांधली. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांची घरं याच गावात आहेत. एवढ्या मजकुराला रंग किती लागणार आहे? एक छोटा डबा पुष्कळ झाला.